कोपरं रेघेच्या पलीकडे

विजया गेल्याचं कळलं तेव्हा आमच्या शाळेच्या मैदानावर मुलींच्या कबड्डीचा सराव चालू होता. मी सांगलीत एका शाळेत मराठी शिकवते, पण मुलींचा संघ कित्येक वर्षं माझ्याच गळ्यात आहे. कडेला खुर्ची टाकून, शिट्टी तोंडात धरून बसले होते आणि फोन वाजला. आबांचा होता. आबा म्हणजे विजयाचे यजमान, तासगावचे द्राक्षबागायतदार. त्यांनी मला आजवर नावानं हाक मारलेली नाही. "मास्तरीणबाई..." एवढं म्हणून ते थांबले. मागे हॉस्पिटलच्या जिन्यातला घुमणारा आवाज येत होता. "मास्तरीणबाई, विजया गेली." समोर सातवीतली एक पोरगी चढाईला गेली होती, तिचा दम चालू होता, कबड्डी कबड्डी कबड्डी... मला शिट्टी वाजवता आली नाही आणि आबांशी बोलताही येईना. ती पोरगी हुलकावण्या देत देत मागे आली, तिनं मध्यरेषेला पाय लावला, तेव्हा कुठे माझ्या तोंडून "येते" एवढा शब्द फुटला.

आता महिना उलटून गेला. भेटायला येणारे विजयाबद्दल बोलतात ते तिच्या बेदाण्याबद्दल, तिच्या हाताच्या झुणक्याबद्दल, आलेल्या-गेलेल्याला जेवल्याशिवाय न सोडण्याबद्दल. सगळं खरं आहे. पण माझ्या डोळ्यांपुढे येते ती वेगळीच विजया. कानाला हेडफोन, नाकाला ऑक्सिजनची नळी, कोपरं खडूनं पांढरी झालेली आणि नजर पडद्यावरच्या एका राक्षसी रेड्यावर. शेवटच्या दीड वर्षात माझी मैत्रीण एका ऑनलाइन खेळात दोन सुऱ्या घेऊन लढत होती. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग प्रसंग आठवून विषय बदलतात. हसायला माझी हरकत नाही, मीही पहिल्यांदा पोट धरून हसले होते.

आम्ही दोघी औंधच्या बाजूच्या. एकाच वर्गात, एकाच संघात. यमाईच्या डोंगराकडे तोंड करून आमचं मैदान होतं आणि त्या मैदानावर विजयासारखी चढाई करणारी दुसरी कुणी नव्हती. मी डावा कोपरा सांभाळायची. कोपऱ्याचं काम पकड करायचं, म्हणजे समोरून आलेल्या मुलीचा घोटा धरून तिला लोळवायचं. सरावात मी विजयाचा घोटा धरायचा हजारदा प्रयत्न केला असेल, हाताला लागायची ती धूळ. तिचा एकच नियम होता. हात लागला की रेघ. समोरच्या पोरीला नुसतं बोट लागलं, की पुढच्या क्षणी ही आपल्या मध्यरेषेवर. आणखी एक गुण मिळतोय म्हणून लोभानं थांबणं तिला ठाऊकच नव्हतं. आमचे सर म्हणायचे, "पोरीनु, जायाला कुणीबी जातंय. परत याया शिका, विजीकडं बघून." साताऱ्याला जिल्ह्याचा अंतिम सामना आम्ही तिच्या जिवावर जिंकलो. पुढे ती लग्न होऊन तासगावला आली, मी सांगलीला. खेळ सुटला, मैत्री सुटली नाही. द्राक्षाच्या हंगामात मी तिच्याकडे जायची आणि ती मला बेदाण्याची पिशवी दिल्याशिवाय एसटीत चढू द्यायची नाही.

तिला पहिल्यांदा धाप लागली ती बेदाण्याच्या शेडचा जिना चढताना. वय झालं म्हणून तिनं सोडून दिलं. मग सपाटीवरही धाप लागायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं आतून चिवट होत चालली आहेत, गेलेला भाग परत येत नाही, उरलेला सांभाळायचा. घरात हवेतून ऑक्सिजन ओढून देणारं मशीन आलं, कोपऱ्यात घरघर करणारं. एका दमात समोरचा संघ खेळवून परत येणारी ही बाई आता न्हाणीघरातून येऊन पलंगावर बसेपर्यंत थकायची. हे मला बघवायचं नाही. तिला मात्र माझा चेहरा बघवायचा नाही. "मंगे, त्वांड सरळ कर. मी अजून हाय," म्हणायची.

खेळ तिच्या आयुष्यात आला लेकीमुळे. ऋतुजा पुण्यात नोकरीला. टाळेबंदीत घरी राहिली तेव्हा तिनं मोठा कॉम्प्युटर घेतला होता, जाताना तो तासगावातच राहिला. आई दिवसभर बसून असते, पाय दुखतात म्हणते, एवढंच तिला ठाऊक होतं. एका सुट्टीत तिनं गंमत म्हणून आईला खेळ दाखवला. आपण एक माणूस निवडायचा आणि जगात कुठे कुठे बसलेल्या लोकांबरोबर टोळी करून राक्षस मारायचे. कुणी ढाल घेऊन पुढे उभं राहतं, कुणी लांबून बाण मारतं, कुणी जखमा भरून काढतं. ऋतुजा जखमा भरणारी. तिला वाटलं आई बाणवाली होईल, लांब उभं राहायचं, जोखीम कमी. विजयानं सगळी चित्रं बघितली आणि दोन सुऱ्या घेतलेली, वाघासारखी वाकून उभी असलेली बाई निवडली. मी विचारलं, "अगं, ही तर अगदी राक्षसाच्या अंगाला चिकटून लढते. सगळ्यात आधी हीच मरणार." तर म्हणते कशी, "लांबनं बाण मारायचं काय खरं हाय व्हय? हात लागल्याबिगर गुण कसा मिळायचा?"

ऋतुजाच्या टोळीचे पुढारी होते सैन्यातून निवृत्त होऊन वडूजला राहिलेले एक हवालदार. ढाल त्यांच्या हातात. त्यांचं खरं नाव टोळीत कुणी घेत नसे, हवालदार म्हणूनच सगळे बोलवायचे. दर रविवारी दुपारी आठ जणांनी मिळून एका खाणीत उतरायचं आणि तिथला राक्षस मारायचा असा बेत असायचा. त्या राक्षसाला मोठी शिंगं, काळं अंग, म्हणून त्याचं नाव पडलं रेडा. तो कित्येक आठवडे कुणालाच हटत नव्हता. आणि हटत का नाही, याचं कारण पडद्यावर आकड्यांत दिसायचं. जवळून लढणाऱ्यांनी सगळ्यात जास्त मार द्यायचा असतो. विजयाचा मार सगळ्यात कमी. हवालदारांनी मायलेकीचं नातं बघितलं नाही. "ताई, माणूस तुमी लाख मोलाचं," त्यांनी सांगून टाकलं, "पर मार कमी पडतोय. रेड्याचं रगात आटायच्या आत आमचंच आटतंय. सुधारा, न्हाईतर मला दुसरा गडी बघावा लागंल."

तिच्या जागी दुसरी कुणी असती तर कॉम्प्युटर बंद करून टीव्ही लावला असता. विजया त्या दिवशी जेवली नाही. मी शनिवारी गेले तर सुजलेल्या बोटांनी बसली होती. सरावासाठी त्या खेळात एक लाकडी पुतळा असतो, त्याला हवं तेवढं बडवायचं आणि आपला आकडा बघायचा. पुतळ्यावर तिचा आकडा चांगला यायचा, अगदी टोळीतल्या तरण्या पोरांच्या तोडीचा. रेड्यासमोर गेली की निम्म्यावर. ऋतुजा म्हणत होती बोटं हळू पडतात, कुणी सांगत होतं सुऱ्या बदला. मी म्हटलं, मला एक लढाई दाखव. रविवारच्या लढाईचं चित्रण होतं, ते तिनं लावलं. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मी आकड्यांकडे बघतच नव्हते, मी त्या सुऱ्यावालीचे पाय बघत होते. आणि दोन मिनिटांत मला हसू फुटलं. ते पाय मी ओळखत होते. "विजे," मी म्हटलं, "तू परत येतेस."

तिला आधी समजेना. मी पुन्हा चित्रण लावलं. सुऱ्यावाली रेड्याच्या मागे जायची, वार करायची आणि लगेच चार ढांगा मागे, खाणीच्या दाराकडे. पुन्हा आत, वार, पुन्हा मागे. हात लागला की रेघ. त्या खेळात वारावर वार साखळीनं वाढत जातात. पहिला साधा, पुढचा जड आणि शेवटचा खरा घाव. पण जागा सोडली की साखळी तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. विजया शेवटच्या घावापर्यंत कधी पोचतच नव्हती. पुतळ्यापाशी ती थांबायची, कारण पुतळा पकड करत नाही. शिवाय मी बाजूला बसून बघितलं, तर वार करताना ती दम धरायची. खरोखरच श्वास रोखून ओठातल्या ओठात कबड्डी कबड्डी चालायचं. आणि आता दम असायचा तो केवढा... तो संपला की खुर्चीतल्या खुर्चीत सगळं अंग मागे यायचं आणि बोट आपोआप मागे पळायच्या बटणावर. पस्तीस वर्षांपूर्वी जे शिकून ती अजिंक्य झाली होती, तेच तिला इथे बुडवत होतं. मी म्हटलं, "तिथं मध्यरेषा नाहीच गं बाई. कुठं परत येतेस?" विजयानं चित्रण पुन्हा एकदा लावून बघितलं. मग म्हणाली, "आयला, खरंच की."

कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. लहानपणी अंगात मुरलेलं असं सांगून जात नाही. मास्तरीणच मी, पर्समध्ये खडू असतोच. मी टेबलावर आडवी रेघ ओढली आणि नियम घातला. कोपरं रेघेच्या पलीकडे. खेळताना कोपरं मागे आली, रेघेला घासली, की बाद. लढाई झाली की दोघी रेघ तपासायचो. जिथे पुसलेली तिथे विजया मागे आलेली. खोटं बोलायची सोयच नव्हती, कोपरं पांढरी व्हायची. आबा चहा घेऊन आले की तिचे हात बघायचे आणि म्हणायचे, "आज लयच पीठ मळलंय." सुरुवातीला तर रेघ अशी पुसली जायची की फडक्यानं पुसावी. मी रोज तासगावला येणं शक्य नव्हतं. मग ती स्वतःच रोज सकाळी नवी रेघ ओढायची आणि संध्याकाळी मला फोटो पाठवायची. वर्गात पोरांच्या वह्या तपासाव्यात तशी मी त्या रेघा तपासायची. हळूहळू पुसटपणा कमी होत गेला. आकडा वाढायला लागला.

आणि मग भलतंच झालं. बाई मागे यायची ती थांबली, पण आता हलेचना. रेडा मुंडी खाली घालून पायाखालची जमीन पेटवायचा तेव्हाही ही आपली वारावर वार करतेय. आगीत जळून मरायची. हवालदार कपाळाला हात लावायचे. "ताई, पयलं तुमी रणातनं पळत हुता, आता शहीद व्हायला लागलाय. मदलं काय न्हाई व्हय?" मधलं शिकायला तिला आणखी काही आठवडे लागले, आणि तेही तिला मैदानानंच शिकवलं. एका दुपारी तिचा फोन आला, आवाजात दम नव्हता पण आनंद मावत नव्हता. "मंगे, तू पकडीला यायच्या आदी मागच्या पायावर वजन घ्यायचीस बघ, तवाच मला कळायचं. रेडाबी तसंच करतोय! मुंडी घालायच्या आदी मागचा पाय दाबतोय." मी कोपऱ्यात एवढी वर्षं घाम गाळला आणि ही बया माझा पाय वाचत होती, हे मला पन्नाशीत कळलं. त्या दिवसापासून ती रेड्याचं तोंड बघायची नाही, पाय बघायची. पाय दाबला की एकच पाऊल बाजूला, आग विझली की पुन्हा आत. एवढ्यानं साखळी तुटायची नाही.

इथवर सगळं मजेचं होतं. पण मला खटकायचं ते दुसरंच. ऋतुजाला आईच्या आजाराचं काही म्हणजे काही सांगितलेलं नव्हतं. ती दिवाळीला आली तेव्हा घरघर करणारं मशीन बेदाण्याच्या शेडवर हलवलं होतं. विजया दिवसभर एका जागी बसून "पोरी, तूच कर आज सगळं, मला माज्या लेकीच्या हातचं खायाचंय" म्हणत वेळ मारून नेत होती आणि ऋतुजा शेजारी गेली की आबांच्या गाडीवर बसून शेडवर जाऊन नळी लावत होती. आबांची या नाटकात फरफट होत होती. मी भांडले. म्हटलं, लेकीपासून लपवायचं म्हणजे काय? उद्या तिला बाहेरून कळलं तर ती तुला माफ करणार नाही. विजया शांतपणे म्हणाली, "तिला सांगितलं की ती नोकरी सोडून यील. आणि आली की माज्याकडं बघत बसंल, तू बसतीस तशी. आत्ता ती माज्यासंगं खेळतीया, मंगे. चुकलं की वरडतीया मला. आजारी आईवर कुणी वरडतंय व्हय?" माझा राग मात्र गेला नाही.

आणि नेमका तेव्हाच हवालदारांनी नवा हुकूम काढला. रेडा आता थोडक्यात निसटायला लागला होता. जवळून लढणाऱ्यांनी आपण आत आहोत की बाहेर हे तोंडानं बोललं पाहिजे, तर ढालवाल्याला रेडा वळवता येतो. विजया तोपर्यंत टाइप करूनच बोलायची, माईक बिघडलाय म्हणायची. माईक चालू केला की तिची धाप आणि मशीनची घरघर ऋतुजाच्या कानात जाणार. हवालदार म्हणाले, "टाइप करताना हात थांबत्यात. येत्या रविवारपासनं माईक न्हाई तर जागा न्हाई. ह्यो नियम समद्यांना." एका बाजूला टोळीतली जागा, जी तिनं बोटं सुजवून मिळवली होती. दुसऱ्या बाजूला गुपित. ती आठवडाभर झोपली नसावी. शुक्रवारी मला फोन. "मंगे, माजा घसा बसलाय म्हनून सांगते. तू बस माज्या शेजारी. आत, भायेर, तू वरडायचं. कोपऱ्यातनं वरडायचीसच की." मी नाही म्हणणार होते. पण तिच्या आवाजात शाळेतल्या विजयाचा सूर लागला होता, चढाईला निघण्याआधी लागायचा तो. तो आवाज आला की कोपऱ्यानं नाही म्हणायचं नसतं.

तर त्या रविवारी दुपारी मी तासगावात, हेडफोन माझ्या डोक्यावर, माईक माझ्या तोंडाशी. मशीन लांब, दाराबाहेर, नळी लांबवून आत आणलेली. आबा दारात उभे. टेबलावर ताजी रेघ. हवालदारांनी विचारलं, "ह्या कोण?" ऋतुजा म्हणाली, "मंगलमावशी आहे, आईची कॉमेंट्री." सगळे हसले आणि आम्ही खाणीत उतरलो. मी सुऱ्यावालीचे पाय बघायची आणि ओरडायची, आत... बाहेर... आत. पहिल्यांदा मला त्या खेळाची धग लागली. रेड्याचं रक्त कधी नव्हे ते इतकं खाली आलं होतं. टोळीतलं कुणी जादा बोलत नव्हतं. विजयाची बोटं एका लयीत पडत होती, नजर रेड्याच्या मागच्या पायावर, कोपरं रेघेच्या पुढे.

आणि लाइट गेली.

कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, तो चालू राहिला. ऑक्सिजनचं मशीन इन्व्हर्टर ओढत नाही, ते बंद पडलं. बंद पडलं की ते कर्कश शिटी देत राहतं. आबा धावले. असल्या वेळेसाठी सिलिंडर भरून ठेवलेला होता, पण तो उघडायचा पाना जागेवर नव्हता. आदल्या दिवशी बागेत फवारणीचा ब्लोअर अडला, तेव्हा आबांनी तोच पाना नेला होता आणि तो शेडवर राहिला होता. द्राक्षवाल्याच्या घरात ब्लोअरपुढे दुसरं काही सुचत नाही, हे मी त्या घराला नावं ठेवायला सांगत नाही, तसंच असतं म्हणून सांगते. आबा गाडीला किक मारून शेडकडे सुटले. मी विजयाचा हात धरला, म्हटलं, बास, सोड. तिनं पडद्यावरची नजर न काढता डावा तळवा माझ्यापुढे धरला. मध्ये येऊ नको. लगेच पुन्हा हात बटणांवर. मी ओरडायची विसरले होते. कानात हवालदारांचा आवाज, "कॉमेंट्री बंद का? ताई आत का भायेर? आत का भायेर?" आणि त्याच्यावर ऋतुजा, "मावशी, तो आवाज कसला येतोय? मावशी? शिटी कसली आहे ती?" खरं बोलायचं तर विजयाचा विश्वास मोडतो, खोटं बोलायचं तर त्या शिटीत ते निघत नाही.

विजयानंच माझ्या डोक्यावरचा हेडफोन ओढून घेतला आणि स्वतःच्या कानाला लावला. आत, बाहेर म्हणायला तिच्याकडे वेगळा श्वास नव्हता. तिनं दम धरला. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." बारीक, पण स्पष्ट. दम चालू आहे तोवर मी आत, दम थांबला की मी बाहेर. कुणाला समजवावं लागलं नाही. या मुलखात ते शिकवावं लागत नाही. हेडफोनमधून बाहेर फुटणारा हवालदारांचा आवाज मला ऐकू आला, "समजलं ताई! चालू ठेवा!" त्यांनी रेडा वळवला. दम थांबला, सुऱ्यावाली बाजूला, जमीन पेटली, विझली. पुन्हा कबड्डी, कबड्डी... पहिल्यापेक्षा आखूड. पुन्हा थांबली. तिचे ओठ निळसर दिसायला लागले होते. मी दाराकडे बघत होते, गाडीचा आवाज येतोय का म्हणून, आणि पडद्याकडे बघत होते, आणि तिच्याकडे. मला देव आठवला, सर आठवले, आबांच्या नावानं मी मनात शिव्या घातल्या. ऋतुजाचं ओरडणं थांबलं होतं. पडद्यावर तिच्या हातातला जखमा भरणारा हिरवा उजेड मात्र एकसारखा सुऱ्यावालीवर पडत होता, बाकी कुणावर नाही, फक्त आईवर. पुढचा दम दोन-तीन कबड्डींचाच निघाला... आणि त्यातच शेवटचा घाव बसला. रेडा गुडघ्यावर आला आणि आडवा झाला.

कुणी जल्लोष केला नाही. सिलिंडर उघडल्याचा फुस्स आवाज आला, तेव्हा मला कळलं की आबा आलेत. नाकाला नळी लागली, रंग परत यायला लागला. मी हेडफोन उचलला तर ऋतुजा विचारत होती, अगदी हळू, "मावशी, आईला ऑक्सिजन लावलाय का?" मी हो म्हटलं. "कधीपासून?" विजयानं हात पुढे करून माईक मागितला. "ऋतू," ती म्हणाली, "तू घरी ये. मग सांगते." मागून हवालदारांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. "ताई, जागा तुमची पक्की. आता दम घ्या." मग एकेक जण निघून गेला. टेबलावरची रेघ मी बघितली. कुठेही पुसलेली नव्हती.

ऋतुजा दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन थडकली. दोन दिवस आईशी बोलली नाही, माझ्याशी तर त्याहून जास्त. "मावशी, तू पण?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "चढाई कशी करायची ते कोपऱ्याला विचारून ठरत नाही, पोरी." ती रडली, मीही रडले, आबा बागेत निघून गेले. विजयाला वाटलं होतं लेक आता नुसती बघत बसेल. झालं वेगळंच. तिसऱ्या दिवशी ऋतुजानं पुण्याहून आणलेला कॉम्प्युटर त्याच टेबलावर, आईच्या शेजारी लावला, घरून काम मागून घेतलं आणि रविवारी पुन्हा ओरडली, "आई, पाय बघ त्याचा! लक्ष कुठंय?" विजयानं माझ्याकडे बघून डोळा मारला. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते साताऱ्याचा सामना जिंकल्यावरही मी बघितलं नव्हतं. त्या दोघींना तसे काही महिने मिळाले. पुरेसे नव्हते. पुरेसे कुणाला मिळतात? पण ते आजारपणाचे महिने नव्हते, खेळाचे होते.

घरातल्या शेवटच्या दिवशीही सकाळी तिनं रेघ ओढली होती. दुपारी खेळायचं होतं. पण दुपारच्या आतच धाप वाढली आणि तिला सांगलीला हलवलं. मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा तोंडावर मास्क होता, बोलायला बंदी. तिनं बोटानं माझ्या तळहातावर एक आडवी रेघ ओढली आणि मान हलवली. मला वाटलं ती विचारतेय, रेघ जागेवर आहे ना. मी हो म्हटलं. नंतर कितीदा तरी मनात आलं, ती कदाचित दुसरंच सांगत असेल. कबड्डीत परत यायचं असतं; या वेळी मात्र परत यायचं नाही, असं...

परवा तासगावला गेले होते. ऋतुजा अजून तिथेच आहे, पुण्याला कधी जायचं ठरलेलं नाही. रविवार होता. ती आपल्या कॉम्प्युटरवर टोळीबरोबर होती, हवालदारांचा आवाज येत होता. आठवी जागा त्यांनी रिकामी ठेवली आहे, सातच जण उतरतात आणि बहुतेक वेळा हरतात. शेजारचा कॉम्प्युटर बंद. त्याच्यापुढे खडूची रेघ, विजयानं त्या शेवटच्या सकाळी ओढलेली. लढाई संपल्यावर ऋतुजानं फडकं घेतलं आणि टेबल पुसायला लागली. रेघेपाशी फडकं आलं, वळलं आणि पलीकडून पुसत गेलं. मी खुर्चीत बसून वाकून रेघ तपासली, सवयीनं. दोन्ही बाजूंनी बघितली. कुठेही पुसलेली नाही. विजया मागे आलेली नाही.